चार घड्यांची चिठ्ठी

गणवेश धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायचे, ही घरोघरची सवय. कधी त्यातून खडूचा तुकडा निघतो, कधी चिंचोका, आणि एखाद्या दिवशी चार घड्या घालून नखाएवढी केलेली चिठ्ठी. उलगडली तर वहीच्या मधल्या पानाचा तुकडा. मधलं पान मुद्दाम घेतलेलं, कारण पिना उचकून ते अलगद काढता येतं, फाडल्याची खूण राहत नाही. त्यावर घाईघाईतलं अक्षर:

"तिला विचार वर्गात कोण आवडतं. मी विचारलंय असं सांगू नको. माझं नाव असेल तर फक्त टिक कर. वाचून फाडून टाक."

चिठ्ठी मुलाने त्याला आवडणाऱ्या मुलीच्या बाकावरच्या मैत्रिणीसाठी लिहिली आहे. ती अजून पोचलेली नाही, म्हणून तर खिशात आहे. वाचून आईला आधी हसू येतं, मग काळजी वाटते, आणि मग तोच प्रश्न पडतो जो प्रत्येक पालकाला आणि शिक्षकाला पडतो: एवढा खटाटोप कशाला? सरळ जाऊन विचारत का नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीतच आहे. तिची चारही वाक्यं विचार करून लिहिलेली आहेत, आणि प्रत्येक वाक्य एक खरी अडचण सोडवतं. ती वाक्यं एकेक करून उलगडू. त्याआधी दोन गोष्टी पाहू: चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या छातीत काय चाललेलं असतं, आणि माणसाला विचारण्याआधी तो कोणाला विचारतो.

१. छातीत धडधड का होते?

मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात शरीर बदलायला सुरुवात होते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग इशारा देतो आणि संप्रेरकांची, म्हणजे रक्तातून निरोप नेणाऱ्या रसायनांची, साखळी सुरू होते. कालपर्यंत जिच्याशी वेणी ओढण्यावरून भांडण व्हायचं, तिने आज खोडरबर मागितलं तर हात थरथरतो.

मेंदूचे सगळे भाग एकाच वेळी मोठे होत नाहीत. भावनांशी संबंधित भाग आधी जागे होतात. कपाळामागचा, मागचापुढचा विचार करून आवर घालणारा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. दूध उतू जायला आलंय आणि गॅस बंद करणारा हात अजून स्वयंपाकघरात पोचलेला नाही, अशी ही वर्षं असतात.

त्यात भर पडते 'सगळे माझ्याकडेच बघताहेत' या भावनेची. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये तिला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. या वयातलं मूल मनातल्या मनात सतत रंगमंचावर उभं असतं. मोठी माणसंही यातून पुरती सुटत नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या निम्म्या लोकांना तरी तो गायक ओळखू आला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना तो ओळखता आला होता.

कॉलेजातल्या तरुणांची ही गत, तर आठवीतल्या मुलाची काय असेल? मधल्या सुटीत पंधरा पावलं चालून तिच्यापाशी जायचं म्हणजे त्याच्या लेखी साठ डोळ्यांसमोरून चालायचं. एवढ्या डोळ्यांसमोर 'नाही' ऐकण्याची भीती अगदी खरी असते. चिठ्ठी जन्माला येते ती इथे.

२. आधी कागदाला विचारू

माणसाला विचारण्याआधी मुलं वहीच्या शेवटच्या पानाला विचारतात. 'फ्लेम्स' हा खेळ मराठी शाळांतही कितीतरी पिढ्यांनी खेळलेला आहे. दोघांची नावं इंग्रजीत लिहायची, दोन्हींतली सारखी अक्षरं खोडायची आणि उरलेली मोजायची. मग एफ, एल, ए, एम, ई, एस ही सहा अक्षरं गोलात आहेत असं समजून तेवढे आकडे मोजायचे. जिथे मोजणी संपेल ते अक्षर बाद. त्याच्या पुढच्या अक्षरापासून पुन्हा मोजायचं. शेवटी उरेल ते उत्तर: फ्रेंड, लव्ह, अफेक्शन, मॅरेज, एनिमी की सिस्टर.

समजा ५ अक्षरं उरली. पाचवं अक्षर ई, ते बाद. एसपासून पाच मोजले की एम बाद. मग पुन्हा एसपासून सुरुवात, आणि पाचवा क्रमांक एसवरच येतो, तोही बाद. राहिले एफ, एल, ए. एफपासून पाच मोजले की एल बाद, आणि शेवटच्या फेरीत ए बाद. उरला एफ, म्हणजे फ्रेंड. मुलगा पान उलटतो आणि आता आडनाव धरून नाव लिहितो.

तो आडनाव का धरतो, याचं उत्तर गणितात आहे. १ ते ९ पर्यंत कुठलीही संख्या घेऊन बघा, शेवटी 'लव्ह' उरतच नाही. १ ला सिस्टर. २, ४, ७ आणि ९ ला एनिमी. ३ आणि ५ ला फ्रेंड. ६ ला मॅरेज. ८ ला अफेक्शन. 'लव्ह' पहिल्यांदा येतं ते १० ला. दोन छोट्या नावांत दहा अक्षरं उरणं कठीण. आडनावं जोडली की मात्र जमून जातं, आणि हे मुलांना गणित न मांडताही अनुभवाने कळलेलं असतं.

गोलात मोजून बाद करत जाण्याच्या या प्रकाराला गणितात 'जोसेफसचा प्रश्न' म्हणतात. पहिल्या शतकातल्या फ्लेवियस जोसेफस या इतिहासकाराच्या हकिगतीवरून हे नाव पडलं. राज्य कोणावर हे ठरवायला अंगणात गोल करून, गाणं म्हणत एकेकाला सोडवतात, ते याच जातीचं. कितव्या जागी उभं राहिलेलं मूल शेवटी उरणार, हे मोजणी सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

कागदाला विचारण्याचा एक मोठा फायदा असतो. कागद कोणाला सांगत नाही. तोटा एवढाच की कागदाला तिच्या मनातलं माहीत नसतं. त्यामुळे शेवटी माणसाकडे वळावं लागतं.

३. 'तिला विचार': मधलं माणूस कशाला?

चिठ्ठीतलं पहिलं वाक्य मैत्रिणीला कामाला लावतं. मोठ्यांना हे पोरकट वाटतं, पण आपल्याकडे लग्नं जमवण्याची रीत आठवून बघा. स्थळ कोणी सुचवतं? एखादी आत्या, एखादे ओळखीचे काका. नकार कसा कळवतात? 'मुलगा आवडला नाही' असं कोणी म्हणत नाही. निरोप येतो, 'पत्रिका जमत नाही.' पत्रिका खरंच पाहिली होती की नाही, हे कोणी विचारायचं नसतं. दोष ग्रहांवर जातो, माणसांवर येत नाही. दोन्ही घरं उद्या एखाद्या मुंजीत समोरासमोर आली, तर हसून बोलू शकतात.

मध्यस्थाचं खरं काम निरोप पोचवण्याइतकंच निरोपाची धार बोथट करण्याचं असतं. 'शी, तो?' हे मैत्रिणीच्या कानावर पडतं. मुलापर्यंत पोचेतो त्याचं 'तिला सध्या अभ्यास करायचाय' होतं. बाराव्या-तेराव्या वर्षी हे काम करणारी मुलगी मोठी जबाबदारी पेलत असते. तिने तोंड उघडलं तर दोघांची अब्रू जाईल, आणि हे तिला पक्कं ठाऊक असतं. वर्गात अशी विश्वासाची माणसं एक-दोनच असतात. सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्याच बाकावरून जातात.

४. 'मी विचारलंय असं सांगू नको': फळ्यावरची दोन नावं

हे वाक्य सगळ्यांत खोल आहे. ते समजायला फळ्यावर येऊ.

समजा, वर्गातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळलेलं आहे की अमक्याला तमकी आवडते. कोणी उघड बोलत नाही. सगळं सुरळीत चाललंय. एके दिवशी तास सुरू होण्याआधी कोणीतरी फळ्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी लिहितं. एकालाही नवी माहिती मिळालेली नाही. तरी क्षणात सगळं बदलतं. तो मान वर करत नाही, ती रडकुंडीला येते, दोघं पुढचे महिनाभर एकमेकांशी बोलत नाहीत. असं का?

कारण माहितीला मजले असतात. पहिल्या मजल्यावर प्रत्येकाला गोष्ट ठाऊक असते. दुसऱ्या मजल्यावर, ती इतरांनाही ठाऊक आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तिसऱ्या मजल्यावर, आपल्याला हे कळलंय हेही इतरांना ठाऊक आहे, याची जाणीव असते. फळ्यावर नावं येताच सगळा वर्ग एकदम सगळ्यांत वरच्या मजल्यावर जातो. आता कोणालाच 'मला नव्हतं माहीत' म्हणता येत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात या अवस्थेचा बारकाईने विचार केला. मराठीत तिला 'सामाईक ज्ञान' म्हणता येईल.

सामाईक ज्ञानाला परतीचा जिना नसतो. तिला संशय असेल की मी तिच्याकडे बघतो, तरी चालतं. मला संशय असेल की तिला संशय आहे, तरीही चालतं. तोवर दोघं उद्याही एकमेकांकडे प्रयोगवही मागू शकतात. पण मी तोंडावर विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली, की ते आम्हा दोघांच्या मध्ये कायमचं उभं राहतं. 'सांगू नको' या दोन शब्दांत मुलगा म्हणत असतो, आमची मैत्री तरी शाबूत राहू दे.

आम्ही आठवीत असताना एका तासाला अशीच एक चिठ्ठी पकडली गेली. शिक्षकांनी ती उघडली आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. वर्ग हसला. मीही हसलो. चिठ्ठीतली मुलगी शेवटच्या तासापर्यंत बाकावर डोकं ठेवून होती आणि पुढचे काही दिवस शाळेत आली नाही. तिने ती चिठ्ठी लिहिलीही नव्हती. त्या हसण्याची मला आजही खंत वाटते. तो फळ्यावर नावं लिहिण्याचाच प्रकार होता, फक्त खडू मोठ्या माणसाच्या हातात होता.

५. 'फक्त टिक कर': छोटं उत्तर

तिसऱ्या वाक्यात मुलगा उत्तराचा आकार ठरवून देतो. त्याला कारणं नकोत. हवी आहे एक खूण. संगणकाच्या भाषेत इतक्या छोट्या माहितीला एक 'बिट' म्हणतात: दिवा चालू किंवा बंद, हो किंवा नाही. याहून लहान उत्तर असत नाही.

छोटं उत्तर दोघांनाही सोयीचं असतं. विचारणाऱ्याला नकाराची कारणं ऐकावी लागत नाहीत. सांगणारीला आपलं 'नाही' पटवून द्यावं लागत नाही. टिक नसलेली चिठ्ठी हे पूर्ण उत्तर आहे, आणि ते तिथेच संपायला हवं. टिक आली नाही म्हणून दुसरी चिठ्ठी, तिसरी चिठ्ठी, मग सायकलचा पाठलाग, असं होऊ लागलं की तो प्रश्न राहत नाही, त्रास होतो. मुलग्यांना हे घरात आणि वर्गात स्पष्ट शब्दांत शिकवायला हवं.

एक अडचण मात्र या चिठ्ठीने सुटत नाही. टिक करणाऱ्या मैत्रिणीला सगळं कळतं. तिला वगळून, दोघांनाच, आणि तेही दोघांचं 'हो' असेल तरच कळेल, अशी सोय करता येईल का?

६. पाच चिठ्ठ्यांची युक्ती

करता येते. बर्ट डेन बोअर या संशोधकाने १९८९ मध्ये 'पाच पत्त्यांची युक्ती' मांडली, आणि आपल्या लेखाच्या शीर्षकातच तिला जोड्या जुळवण्याशी जोडलं. आपण ती जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर करू, म्हणजे शाई पलीकडे दिसणार नाही.

एकसारखे पाच तुकडे कापा. तीन तुकड्यांवर लाल ठिपका काढा, दोन तुकड्यांवर निळा. समजा, मुलगी सायली आणि मुलगा ओंकार. सायलीला एक लाल, एक निळा द्या. ओंकारलाही तसेच. उरलेला लाल तुकडा दोघांच्या मध्ये पालथा ठेवा.

आता सायली आपले दोन तुकडे मधल्याच्या डावीकडे पालथे ठेवेल, ओंकार उजवीकडे. नियम एकच: मनात 'हो' असेल तर लाल आतल्या बाजूला, मधल्या तुकड्याला लागून, 'नाही' असेल तर लाल बाहेरच्या बाजूला.

पाचही तुकडे आहेत त्याच क्रमाने, पालथेच एकावर एक गोळा करा. मग पत्ते काटतात तसे काटा, म्हणजे वरचे काही उचलून खाली घाला. आधी तिने, मग त्याने, कोणालाच हिशेब राहणार नाही इतक्या वेळा. पिसायचं मात्र नाही. शेवटी तुकडे क्रमाने गोलात मांडा आणि उलटे करा.

दोघांचं 'हो' असेल तर सुरुवातीची रांग निळा, लाल, लाल, लाल, निळा अशी होती. कितीही काटलं तरी गोलात तीन लाल शेजारी शेजारीच येणार.

उरलेल्या तीन शक्यता पाहा.

तिचं हो, त्याचं नाही: निळा, लाल, लाल, निळा, लाल.
तिचं नाही, त्याचं हो: लाल, निळा, लाल, लाल, निळा.
दोघांचं नाही: लाल, निळा, लाल, निळा, लाल.

रांगा वेगळ्या दिसतात, पण गोलात मांडल्यावर तिन्हींचं चित्र एकच: दोन निळ्यांच्या मध्ये एका बाजूला एक लाल, दुसऱ्या बाजूला दोन. या तिन्हींपैकी काय घडलं, हे चित्रावरून ओळखणं अशक्य.

आता कोणाला काय कळलं ते मोजू. ओंकारने 'हो' ठेवलं आणि तीन लाल शेजारी आले नाहीत, तर तिचं 'नाही' होतं हे त्याला कळतं. ते टाळता येत नाही. पण सायलीला त्याच्या मनातलं काहीच कळत नाही. तो आपलं 'हो' जसंच्या तसं खिशात घेऊन घरी जातो. उद्या ती त्याच्याकडे प्रयोगवही मागेल आणि तो देईल.

हा नुसता खेळ नाही. गुपित न फोडता गुपितांवरून उत्तर काढायचं, ही संगणकशास्त्रातली मोठी शाखा आहे. अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये विचारलं होतं: दोन धनिकांना आपली संपत्ती न सांगता कोण अधिक श्रीमंत हे ठरवता येईल का? डेन्मार्कमध्ये जानेवारी २००८ मध्ये याच विचारावर साखरबीट शेतकऱ्यांचा लिलाव झाला. प्रत्येक शेतकऱ्याचा आकडा झाकलेला राहिला आणि बाजाराचा भाव तेवढा बाहेर आला. आपल्या आकड्यावरून आपली परिस्थिती कारखान्याला कळू नये, एवढंच त्या शेतकऱ्यांना हवं होतं. आठवीतल्या मुलालाही तेच हवं असतं.

७. 'वाचून फाडून टाक'

शेवटचं वाक्य आठवणीबद्दल आहे. कागद फाडला की संपतो. फोनवरचा निरोप संपत नाही, त्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि रात्रीत पन्नास जणांपर्यंत जातो. फळ्यावरची नावं निदान डस्टरने पुसता येत होती. आजच्या मुलांसाठी 'फाडून टाक' म्हणण्याची सोयच कमी होत चालली आहे, म्हणून हाती लागलेला निरोप पुढे न पाठवणं हे त्यांच्या पिढीचं मोठं शहाणपण ठरेल.

चिठ्ठी पकडली गेली तर तिची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही, हेही विसरता येत नाही. मुलाला दोन छड्या बसतात, मुलीची शाळाच सुटू शकते. जातीची भिंत मध्ये असेल तर किंमत आणखी वाढते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या २०१३ च्या चित्रपटातल्या जब्याला वर्गातली शालू आवडते. त्याच्यासाठी तिच्यापर्यंतचं अंतर पंधरा पावलांचं नसतं, सगळ्या गावाएवढं असतं. अशा मुलाची चिठ्ठी गुप्त राहणं हा त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

तर मग सरळ का विचारत नाहीत? सरळ विचारलं की चुकायची मुभा राहत नाही, म्हणून. मधलं माणूस धार बोथट करतं, 'सांगू नको' मैत्री वाचवतं, टिक नकार हलका करते, फाडणं आठवण पुसतं. आपण मोठी माणसं पत्रिका जुळवताना जे करतो, ते मुलांनी वहीच्या एका पानावर स्वतः शोधून काढलेलं असतं. कोणाचं मन विचारताना त्याचा आणि आपलाही मान राखायचा, हा त्यातला धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतो.

चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या आईला म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. त्यात धमकी नाही, कोणाला त्रास नाही, भीतीचं काही नाही, हे एकदा पाहून घ्या. तसं काही असेल तर मुलाला एकट्याला जवळ बसवून बोला. नसेल तर त्याच चार घड्या पुन्हा घाला आणि उद्याच्या धुतलेल्या गणवेशाच्या खिशात ठेवून द्या. त्याच खिशात, डावीकडच्या.